फाटा नवा, आकडा जुना

प्रश्न : लिब्रेऑफिस २०१०मध्ये ओपनऑफिसपासून फुटले, मग त्याची पहिली आवृत्ती १.० न होता ३.३ कशी? (एक वाचक, नारायणगड, जि. बीड)

उत्तर : आवृत्तीचा आकडा कोडची वंशावळ सांगतो, संस्थेचे वय नव्हे. जानेवारी २०११मध्ये आलेल्या ३.३मध्ये मुख्यतः जुन्याच प्रकल्पाचा कोड होता, १.० लिहिले असते, तर वापरणाऱ्यांना ते कच्चे वाटले असते. हे दुसऱ्याच्या पुण्याईवर मिरवणे झाले, असा आक्षेप येईल. पण खुल्या परवान्याने तो वारसा रीतसरच मिळतो. खरी अडचण पुढची. काही वर्षांत दोन्हीकडे ४.१ निघाली, आणि एकाच आकड्याची दोन निराळी सॉफ्टवेअर बाजारात आली! मायएसक्यूएलमधून निघालेल्या मारियाडीबीने ५.५नंतर थेट १०.० गाठले, ते माझ्या मते योग्यच. कोड खरोखर दुरावल्यावरच आकडा तोडावा. लिब्रेऑफिसने तर २०२४मध्ये २४.२ अशी वर्ष-महिन्याची मोजणीच धरली.