देवनागरी अक्षराची जुळणी : शिशांत आणि संगणकांत

छापील पुस्तक हातीं घेतल्यावर वाचक मजकूर वाचतो. अक्षराकडे त्याचें लक्ष जात नाहीं, आणि जाऊंही नये. अक्षर डोळ्यांस खुपूं लागलें म्हणजे मुद्रकाचें कांहीं तरी चुकलें असें समजावें. तथापि विद्यार्थ्यांनीं एकदां तरी या न दिसणाऱ्या कारागिरीकडे मुद्दाम पाहावें अशी आमची इच्छा आहे. कारण देवनागरीच्या जुळणींत व्याकरण, उच्चार आणि यंत्रविद्या हीं तिन्ही मांडीला मांडी लावून बसलेलीं आहेत, आणि त्यांतील एकाची हयगय झाली तर शब्दाचा अर्थही पालटतो.

रोमन लिपींत एका अक्षरापुढें दुसरें अक्षर ठेवलें कीं शब्द तयार होतो. आमच्या लिपींत तसें नाहीं. मात्रा डोक्यावर, उकार पायाशीं, काना उजवीकडे आणि ऱ्हस्व वेलांटी डावीकडे, अशी चारी दिशांनीं अक्षराभोंवतीं वस्ती असते. 'स्त्री' या शब्दांत तीन व्यंजनें व एक दीर्घ स्वर आहे, पण डोळ्यांस दिसतें तें एकच अक्षर. 'शक्ति' हा शब्द बोलतांना इकार अगदीं शेवटीं येतो, पण वेलांटी 'क्' च्याही अगोदर काढावी लागते. 'अर्थ' या शब्दांतील 'र्' उच्चारांत 'थ' च्या आधीं, आणि कागदावर मात्र 'थ' च्या डोक्यावर. बोरूनें लिहिणाऱ्यास याची अडचण कधींच वाटली नाहीं, कारण हात कोठेंही फिरूं शकतो. शिशाचा खिळा चौकोनी असतो; तो आपल्या चौकटीबाहेर जाऊं शकत नाहीं. सगळी अडचण येथून सुरू होते.

मराठी व्याकरणाचें विल्यम केरी यांचें पुस्तक १८०५ मध्यें बंगालांतील श्रीरामपूर येथें छापलें गेलें, त्यांत देवनागरी खिळे वापरले होते. मुंबईंत अमेरिकन मिशनच्या छापखान्याचें मराठी काम १८१७ मध्यें सुरू झालें. त्याचे पहिले खिळे कलकत्त्याहून आणलेले होते. ते मोठे व ओबडधोबड होते, आणि मराठी वळणाच्या वाचकास ते परके वाटणें स्वाभाविक होतें. पुढें याच छापखान्यांतील थॉमस ग्रॅहम यानें लहान आणि सुबक खिळे तयार केले. गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ मध्यें पंचांग छापलें तें खिळ्यांवर नव्हे, तर शिळेवर. शिळाछापांत हस्ताक्षरच दगडावर उतरतें, म्हणून वेलांटी कोठें बसवावी हा प्रश्नच तेथें उद्भवत नाहीं. अनेक वर्षें मराठी पोथ्या शिळाछापावर निघत राहिल्या, याचें एक कारण हेंही असावें.

जावजी दादाजी हे बाळपणीं अमेरिकन मिशनच्याच छापखान्यांत टाइप घासण्याचें काम करीत. त्यांनीं १८६४ मध्यें स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला व १८६९ मध्यें निर्णयसागर छापखाना सुरू केला. राणोजी रावजी आरू हे त्यांचे अक्षर कोरणारे कारागीर. निर्णयसागराच्या संस्कृत ग्रंथांचीं पानें ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांस या माणसाच्या हाताची पारख वेगळी करून सांगावयास नको. पोलादाच्या तुकड्यावर अक्षर उलटें कोरावयाचें, तें तांब्यांत ठोकून सांचा करावयाचा, आणि त्या सांच्यांत शिसें ओतावयाचें, असा तो क्रम होता. एका वळणाच्या एका आकारासाठीं असे कित्येक शें खिळे लागत.

जुळणीच्या रीति मुख्यतः दोन होत्या. डिग्री पद्धतींत अक्षराचा खिळा उंचीनें लहान असे, आणि मात्रा, रफार, उकार यांचे बारीक खिळे वर व खालीं निराळे बसवीत. म्हणजे वाचकास जी एक ओळ दिसे ती जुळाऱ्याच्या हातीं तीन ओळींची असे. यांत खिळ्यांचे प्रकार कमी, पण श्रम फार, आणि शिरोरेषा व मात्रा यांच्यामध्यें बारीक फट राहण्याची भीति. अखंड पद्धतींत मात्रा अक्षरासच जोडलेली, किंवा खिळ्याबाहेर लोंबती ठेवून शेजारच्या अक्षरावर टेकविलेली असे. ही छपाई देखणी होते. मात्र खिळ्यांचे प्रकार वाढतात, आणि लोंबता भाग मोडला कीं 'के' चा 'क' होतो! जुन्या वर्तमानपत्रांत अशा मोडक्या मात्रा पुष्कळ सांपडतील.

नंतर यंत्रानें जुळणी करण्याचे दिवस आले. लायनोटाइप यंत्रांत सांच्यांसाठीं साधारणतः नव्वद खण असत, आणि अक्षराचा भाग सांच्याबाहेर लोंबतां येत नसे. हरि गोविल यांनीं १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत या यंत्रासाठीं देवनागरी तयार केली. पण नव्वद खणांत कित्येक शें आकार कसे मावणार? तेव्हां लिपीनेंच अंग चोरावें असा विचार पुढें आला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनीं 'अ' च्या बाराखडीचा पुरस्कार केला. तींत 'इ' च्या जागीं 'अि' आणि 'उ' च्या जागीं 'अु' लिहावयाचें. किर्लोस्कर मासिकाचे जुने अंक चाळतांना ती आजही भेटते. १९५३ मध्यें लखनौ येथें भरलेल्या परिषदेनें तर ऱ्हस्व वेलांटीच उजवीकडे न्यावी असें ठरविलें; पुढें तो निर्णय सोडून द्यावा लागला. या सुधारकांचा हेतु चांगला होता याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु अंगरखा आंखूड आहे म्हणून मुलाचे हात कापण्यासारखाच तो उपाय होता, असें आमचें स्पष्ट मत आहे.

संगणक आल्यावर पहिलीं कांहीं वर्षें याहून विचित्र गेलीं. त्या वेळच्या अनेक फाँटांत रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरी आकार बसविलेले असत. यंत्राच्या स्मरणांत रोमन अक्षर असे, त्यावर केवळ मराठी मुखवटा चढविलेला असे. फाँट बदलला कीं मुखवटा गळून पडे, आणि पानभर निरर्थक चिन्हें दिसत. त्या काळांतील कित्येक अहवाल व कविता आजही अशा अवस्थेंत पडून आहेत.

ध्वनिमुद्रणाचा दृष्टांत येथें उपयोगी पडेल. गाणें सांठविण्याच्या कांहीं रीतींत, कानास जाणवणार नाहीं असा समजलेला भाग गाळून टाकतात; एमपी-थ्री ही त्यांतलीच. फ्लॅक नांवाच्या रीतींत जागा वांचते, पण मूळ अंकांपैकीं एकही गळत नाहीं. घडी उलगडली कीं सर्व जसेंच्या तसें परत मिळतें. वरच्या वर्गांतील आमचे कांहीं विद्यार्थी प्रोग्रेसिव्ह मेटल नांवाच्या लांबलचक व कर्णकटु रचना ऐकतात, आणि त्यांत एक सूरही गळलेला त्यांस खपत नाहीं. हीच मुलें 'ऱ्हास' हा शब्द मात्र वाटेल तसा लिहितात, ही मौजेची गोष्ट आहे.

मजकूर न गळतां सांठविण्याची सोय युनिकोडनें केली. १९९१ मध्यें निघालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तींतच देवनागरीस स्थान मिळालें. यांत आकारांस क्रमांक नाहींत, वर्णांस आहेत. 'मूर्ति' हा शब्द म, ऊकार, र, हलन्त, त आणि इकार अशा सहा क्रमांकांनीं, उच्चाराच्याच क्रमानें, सांठविला जातो. पाणिनीच्या देशांतील माणसास ही योजना आपलीशी वाटावी!

मग आकार कोठून येतो? तें काम ओपनटाइपचें. मायक्रोसॉफ्ट व अडोबी या कंपन्यांनीं ही पद्धति १९९६ मध्यें जाहीर केली. तिच्यांत फाँटाच्या पोटांतच नियमांचे तक्ते असतात, आणि प्रत्येक नियमास चार रोमन अक्षरांचें आंखूड नांव असतें. 'मूर्ति' शब्दाचा दुसरा अवयव वाचतांना आरंभींचा 'र्' रफार आहे हें अगोदर ओळखलें जातें; मग वेलांटी डावीकडे सरकते, रफार अवयवाच्या शेवटीं जातो, आणि मग फाँट योग्य रुंदीची वेलांटी निवडतो. 'क्त' सारख्या रुंद जोडाक्षरास लांब कमानीची वेलांटी लागते, 'र' ला आंखूड पुरते; चांगल्या फाँटांत वेलांटीचे असे अनेक आकार तयार ठेवलेले असतात. अर्ध्या अक्षरांचा नियम निराळा, 'क्र' आणि 'प्र' यांतील रकाराचा निराळा. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांसाठीं जो नियम आहे त्याचें नांव 'अखंड' या आपल्याच शब्दाचा संक्षेप आहे.

मराठीपुरता सर्वांत नाजूक प्रश्न 'र्' चा आहे. 'आचार्यास बोलवा' म्हटलें तर गुरुजी येतील; 'आचाऱ्यास बोलवा' म्हटलें तर स्वयंपाकी येईल. 'दर्या' म्हणजे समुद्र, आणि 'दऱ्या' डोंगरांतल्या. हा चंद्रकोरीसारखा अर्धा 'र' मराठीची खरी गरज आहे. वऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा हे शब्द त्यावांचून लिहितां येत नाहींत. संगणकांत तो दोन प्रकारें उमटवितां येतो : साध्या 'र' ला हलन्त देऊन त्यापुढें एक न दिसणारें जोडचिन्ह टाकून, किंवा खालीं टिंब असलेल्या 'ऱ' ला हलन्त देऊन. कागदावर दोन्ही अगदीं सारखे दिसतात. पण यंत्राच्या लेखीं ते दोन वेगळे शब्द आहेत. ज्याच्या आडनांवांत 'ऱ्ह' आहे अशा आमच्या एका विद्यार्थ्याचें नांव परीक्षेच्या यादींत शोधूनही सांपडेना, आणि तो बिचारा दुपारपर्यंत रडकुंडीस आला. नांव यादींत छापलेलें होतें, पण शोधणाऱ्यानें एका रीतीनें आणि यादी करणाऱ्यानें दुसऱ्या रीतीनें तें लिहिलें होतें. मराठीसाठीं युनिकोडनें टिंबाच्या 'ऱ' ची रीति सुचविली आहे. आमच्या शाळेंत आतां सर्वांनीं तीच पाळावी.

'ल' आणि 'श' यांचीं मराठी वळणें हिंदीहून भिन्न आहेत. महाराष्ट्र शासनानें ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयांत मराठी वर्णमालेचें वळण ठरवून दिलें होतें. कांहीं फाँटांत दोन्ही वळणें एकत्र असतात, आणि मजकुराची भाषा मराठी आहे असें यंत्रास सांगितलें तरच मराठी 'ल' उमटतो. न सांगितल्यास यंत्र बहुधा हिंदी वळण देतें, आणि दोष फाँटाच्या माथीं येतो. 'ॲ' या अक्षरास तर युनिकोडांत स्वतंत्र क्रमांक मिळावयास २००८ साल उजाडावें लागलें. तोंपर्यंत 'ॲटलास' लिहूं पाहणाऱ्याच्या हातीं बहुधा हिंदीचा 'ऍ' येत असे.