एकच नाव, निरनिराळे मेंदू

मी बालरोगतज्ज्ञ, वार्धक्यातील व्याधींवर लिहिणे हा माझा प्रांत नव्हे. तरीही हा विषय निवडला, तो माझ्याच घरी, माझ्याच हातून घडलेल्या चुकीमुळे. आईला सुईत दोरा ओवता येईना, वाचताना ओळ सुटू लागली, समोर ठेवलेली वाटी सापडेना. नातवंडांचे वाढदिवस मात्र तोंडपाठ! स्मरणशक्ती शाबूत आहे, तेव्हा दोष डोळ्यांचाच, असे मी ठरवून टाकले. चष्मे बदलले, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. दोन वर्षांनी मेंदुविकारतज्ज्ञांनी निदान केले : अल्झायमर.

या व्याधीच्या दोन खुणा आपण विद्यार्थिदशेत पाठ केल्या : पेशींबाहेर ॲमिलॉइडचे साठे, म्हणजे प्लाक, आणि पेशींच्या आत टाऊ प्रथिनाचे गुंते. १९०६ साली आलोईस अल्झायमर यांनी ऑगुस्ट डेटर या रुग्णेच्या मेंदूतील या दोन्ही खुणांचे वर्णन केले. परंतु १९११ साली त्यांनीच प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या रुग्णाच्या मेंदूत प्लाक विपुल होते, गुंते नव्हते. विविधता ही अशी आरंभापासूनचीच.

बहुधा गुंते प्रथम स्मृतीशी निगडित अशा हिप्पोकॅम्पसच्या परिसरात दिसतात आणि पुढे पसरतात. २०११ साली अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ८८९ रुग्णांच्या मेंदूंचा मरणोत्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी सुमारे ११ टक्के मेंदूंत हिप्पोकॅम्पस तुलनेने बचावला होता. मेंदूचे बाह्यक अधिक ग्रासले होते. आईच्या मेंदूचाही मागील, दृश्याचा अर्थ लावणारा भाग आधी आक्रसला होता. डोळे पाहत होते. मेंदूला उमगत नव्हते.

खुणा आणि लक्षणे यांचेही प्रमाण सरळ नसते. आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या परिचयाचे उदाहरण डाऊन सिंड्रोमचे. ॲमिलॉइडच्या मूळ प्रथिनाचे जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर असते आणि या मुलांत ते गुणसूत्र बहुधा तिहेरी असते. चाळिशीपर्यंत जवळजवळ सर्वांच्या मेंदूत या खुणा आढळतात. स्मृतिभ्रंश मात्र कोणाला लवकर, कोणाला बराच उशिरा होतो.

म्हणून वाचकांना विनंती : नेत्रतपासणी निर्दोष असूनही वस्तू सापडेनाशा झाल्या, शब्द अडू लागले, स्वभाव पालटला, तर विसराळूपणाची वाट पाहू नका. वेळीच निदान झाले असते तरी आईचा आजार थांबला नसता. परंतु ‘‘नीट बघून चाल ना!’’ म्हणून मी तिच्यावर चिडलो नसतो.