‘वॉन्की’ कुठे म्हणावं, कुठे नाही

ब्रिटनमध्ये नव्यानं आलात की पहिल्या काही आठवड्यांतच हा शब्द कानावर पडेल. वाकडं, कललेलं, डुगडुगणारं, धड न चालणारं, एवढं सगळं त्यात मावतं. एकीकडे ओढणारं ट्रॉलीचं चाक वॉन्की, भिंतीवरची तिरपी तसबीर वॉन्की, मुलीचे घरी कापलेले पुढचे केस वॉन्की, मध्येच तुटणारं वाय-फायसुद्धा वॉन्की. जुन्या मराठी पुस्तकांतला अनुस्वाराचा ‘वांकडा’ आठवेल. तो ‘वक्र’ या शब्दापासून आला, तेव्हा नातं जोडू नका. पण लक्षात ठेवायला ही जोडी छान.

भाजीच्या खोक्यावर हा शब्द दिसला तर खुशाल घ्या. युरोपीय समुदायाच्या 1988 च्या नियमानुसार वरच्या प्रतीच्या काकडीला दर 10 सेंटीमीटरमागे 10 मिलीमीटरहून जास्त बाक चालत नसे. तो नियम 2009 मध्ये गेला. पुढे ॲस्डासारखी दुकानं वाकड्या भाज्या स्वस्तात विकू लागली. कोशिंबिरीत किसलेल्या गाजराला आकार कोण विचारतो?

खरी गोम आहे सुरात. या शब्दात तक्रार असते, राग नसतो. म्हणून शेजाऱ्याच्या कललेल्या कुंपणाबद्दल बोलायला तो उत्तम, आणि म्हणूनच जिथं धोका किंवा पैसा आहे तिथं तो अपुरा. आमच्यातल्या एका कुटुंबानं जिन्याचा कठडा ‘जरा वॉन्की’ असल्याचं घरमालकाला कळवलं. महिनाभर कुणी फिरकलं नाही. ‘कठडा सैल आहे, घरात लहान मूल आहे, पडायची भीती आहे’ असं लिहिल्यावर दोन दिवसांत सुतार आला. घर ताब्यात घेतानाच्या यादीतही कपाटाचं कुठलं दार, कुठली बिजागरी हे नेमकं लिहा आणि फोटो जोडा. सोडताना अनामत रक्कम त्यावर अडते.

स्वतःच्या गुडघ्याला वॉन्की म्हणा, दुसऱ्याच्या चालीला किंवा दातांना कधीही नाही, ते लागतं. डॉक्टरांना मात्र कुठं दुखतं, कधीपासून, हेच सांगा.

स्कॉटलंडला गेलात तर डुगडुगणाऱ्याला ‘शूगली’ म्हणतात. ‘तुझा कोट शूगली खुंटीवर आहे’ असं ऑफिसात कुणी म्हणालं, तर ते कोटाबद्दल नसतं. नोकरी धोक्यात आहे असा तो इशारा असतो. त्याच दिवशी साहेबांना भेटा.