साधा की अपूर्ण? : इंग्रजी भूतकाळातील एक निवड



वसतिगृहातील एक विद्यार्थी तापाने आजारी होता. सायंकाळच्या अभ्यासाला तो का आला नाही, याचा खुलासा त्याने इंग्रजीत लिहिला : ‘व्हेन सर केम, आय स्लेप्ट.’ वाचणाऱ्याने अर्थ घेतला तो असा की, सर आले आणि हा झोपी गेला! मुलगा प्रामाणिक होता. क्रियापदाने त्याला उद्धट ठरविले. त्याला म्हणावयाचे होते, ‘आय वॉज स्लीपिंग.’

‘व्हेन’च्या वाक्यात दोन्ही क्रियापदे साध्या भूतकाळात असली, तर बहुधा एकामागून एक घडलेल्या घटना सूचित होतात. एक अपूर्ण भूतकाळात असले, तर ती क्रिया आधीपासून चालू होती असे समजते. इतिहासाप्रमाणेच येथेही क्रम चुकला की दोष भलत्याच्याच माथी येतो.

क्रियेला किती अवधी लागला, यावरून मात्र ही निवड होत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले. अवधी तीन वर्षांचा असला तरी तो आपण पूर्ण झालेला, अखंड असा पाहतो. म्हणून ‘ही स्टडीड ॲट कोलंबिया.’ परंतु ९ मे १९१६ रोजी त्यांनी तेथे जातिसंस्थेवर निबंध वाचला, हे सांगताना आपण त्याच काळाच्या आत उभे राहतो : ‘व्हाइल ही वॉज स्टडीइंग ॲट कोलंबिया, ही रेड अ पेपर ऑन कास्ट.’ शिक्षण ही पार्श्वभूमी, निबंधवाचन ही घटना.

आपली मराठी येथे दोन ठिकाणी फसविते. ‘लहानपणी मी रोज विहिरीवर जात होतो’ यातील ‘जात होतो’चा अर्थ ‘जात असे’ हा आहे. हा रीती भूतकाळ होय. इंग्रजीत त्यासाठी ‘आय वेंट’ किंवा ‘आय यूज्ड टू गो’ लिहावे; ‘वॉज गोइंग’ नव्हे. तसेच ‘मी त्याला ओळखत होतो’ याचे इंग्रजी ‘आय न्यू हिम’ असेच होते. जाणणे, हवे असणे, जवळ असणे या अवस्था आहेत. त्यांना सामान्यतः अपूर्ण भूतकाळ लागत नाही.

तेव्हा लेखणी उचलण्यापूर्वी स्वतःस विचारा : मी घडून गेलेली गोष्ट सांगत आहे, की त्या क्षणी चालू असलेली? उद्या अर्ज, मुलाखत वा साक्ष इंग्रजीत देण्याचा प्रसंग येईल, तेव्हा आपले सत्य आपल्याच क्रियापदाने खोटे पडू नये.