केअर होममधली लसीची सक्ती : नेमकी कोणावर?



रोग आणि लसीकरण हा भाग शिकवताना वर्गात एक प्रश्न हमखास येतो. "बाई, लस घ्यावीच लागते का?" आपण पटकन "हो, घ्यायलाच हवी" म्हणतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. पण 'घ्यायला हवी' हा सल्ला झाला आणि 'घेतली नाही तर कामावर येऊ नका' हा कायदा झाला. हा फरक समजून घ्यायला मला इंग्लंडमधल्या केअर होमचं उदाहरण फार उपयोगी वाटतं. तिथे असा कायदा लागू झाला आणि चार महिन्यांत रद्दही झाला.

आधी केअर होम म्हणजे काय ते बघू. आपल्याकडे वृद्धाश्रम म्हटलं की स्वतःचं स्वतः करू शकणारे, पण घरापासून दूर राहणारे आजी-आजोबा डोळ्यांसमोर येतात. इंग्लंडमधल्या केअर होममध्ये बहुतेकांना अंघोळ, कपडे, जेवण, उठणं-बसणं यासाठी दुसऱ्याचा हात लागतो. अनेकांना स्मृतिभ्रंश असतो. काही ठिकाणी चोवीस तास नर्स असते. म्हणजे ते राहणाऱ्यांचं घर असतं आणि कर्मचाऱ्यांची कामाची जागाही असते. सगळा पेच इथूनच सुरू होतो.

२०२० च्या मार्च ते जून या काळात इंग्लंड आणि वेल्समध्ये केअर होममध्ये राहणाऱ्या १९ हजारांहून अधिक लोकांच्या मृत्यूच्या नोंदीत कोविड होता. दवाखान्यातून अनेक वृद्धांना चाचणी न करताच केअर होममध्ये पाठवलं गेलं होतं. पुढे एप्रिल २०२२ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने सरकारचं ते धोरण बेकायदेशीर ठरवलं. शिवाय मनुष्यबळ कमी, त्यामुळे काही कर्मचारी एका होममधून दुसऱ्या होममध्ये काम करायला जायचे. त्यांच्याबरोबर विषाणूही जायचा. खोलीतून बाहेर न पडणाऱ्या आजींपर्यंत तो पोचणार कसा? त्यांना भरवणाऱ्या, उचलून बसवणाऱ्या हातांमधूनच.

म्हणून लस आली तेव्हा प्राधान्याच्या यादीत पहिलाच गट केअर होममधल्या वृद्धांचा आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांचा होता. इथे मुलं विचारतात, "आजींना लस दिली ना, मग मावशींना कशाला?" प्रश्न अगदी बरोबर आहे. वय वाढतं तशी शरीराची प्रतिकारशक्तीही थकते. तीच लस तरुणाच्या शरीरात जितकं संरक्षण तयार करते, तितकं नव्वदीच्या आजींच्या शरीरात होईलच असं नाही. म्हणून तर तिकडे ६५ वर्षांवरच्यांसाठी फ्लूची जास्त प्रभावी लस वेगळी ठेवलेली असते. आजींभोवतीच्या माणसांनी लस घेतली तर विषाणूची वाट अडते, असा विचार होता. सरकारच्या शास्त्रीय सल्लागारांनी प्रत्येक होममध्ये निदान ८० टक्के कर्मचारी आणि ९० टक्के रहिवासी यांना पहिला डोस मिळालेला असावा, असं म्हटलं होतं. बऱ्याच होममध्ये कर्मचाऱ्यांचा आकडा तिथवर पोचत नव्हता.

मग नियम आला. ११ नोव्हेंबर २०२१ पासून इंग्लंडमधल्या केअर होममध्ये आत पाऊल टाकणाऱ्याचे दोन डोस झालेले असणं सक्तीचं झालं. फक्त सेविका आणि नर्सच नाही, नळ दुरुस्त करणारा आणि केस कापायला येणारी बाईसुद्धा त्यात आली. वैद्यकीय कारण असलेले, १८ वर्षांखालचे, भेटायला येणारे नातेवाईक आणि तातडीच्या मदतीला येणारे यांना सूट होती.

आणि रहिवासी? त्यांच्यावर सक्ती नव्हतीच! ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, त्या आजी "मला नको" म्हणू शकत होत्या. हे मला आधी विचित्र वाटलं, मग पटलं. ते त्यांचं घर आहे. स्वतःच्या घरात राहण्यासाठी इंजेक्शनची अट कशी घालायची? ज्यांना स्मृतिभ्रंशामुळे निर्णय घेता येत नाही, त्यांच्यासाठी तिथे २००५ चा कायदा आहे. त्यांच्या हिताचं काय, हे पाहून निर्णय घ्यायचा. घरच्यांचा विरोध असलेली काही प्रकरणं न्यायालयातही गेली.

अमेरिकेतल्या नर्सिंग होमचा जुना नियमही याच धर्तीचा आहे. फ्लू आणि न्यूमोनियाची लस रहिवाशांना देऊ करणं, तिची माहिती सांगणं आणि त्यांनी नकार दिला तर तो नोंदवून ठेवणं, ही संस्थेची सक्ती. घेणं-न घेणं रहिवाशाच्या हातात.

आता दुसरी बाजू. सेविकांचा पगार कमी, काम अंगमेहनतीचं आणि त्यात बहुसंख्य बायका. सरकारच्याच अंदाजाप्रमाणे या नियमामुळे सुमारे ४० हजार कर्मचारी काम सोडणार होते, तेही या क्षेत्रात एक लाखाहून जास्त जागा रिकाम्या असताना. वर्षानुवर्षं आजींना भरवणारी, त्यांना चहा किती गोड लागतो हे माहीत असलेली बाई एका तारखेला यायची बंद झाली. आजी विषाणूपासून थोड्या जास्त सुरक्षित झाल्या असतील, पण त्यांना वेळेवर कूस कोण बदलून देणार?

मला सगळ्यात जास्त खटकलं ते पुढचं. हाच नियम दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांना १ एप्रिल २०२२ पासून लागू होणार होता. तोवर ओमायक्रॉन आला. तो डेल्टापेक्षा सौम्य होता आणि दोन डोस घेऊनही संसर्ग होत होता. विषाणूची वाट अडवायची, हा नियमाचा आधारच कमकुवत झाला. १५ मार्च २०२२ ला सरकारने नियम मागे घेतला. दवाखान्यातल्या डॉक्टर-नर्सवर ती वेळ आलीच नाही. केअर होममधल्या सेविकांची कामं मात्र नोव्हेंबरमध्येच गेली होती.

लस चुकीची होती असा याचा अर्थ मुळीच नाही. लसीने असंख्य वृद्धांचे प्राण वाचवले, मी स्वतः सगळे डोस घेतलेत आणि आपल्या पालकांनाही तेच सांगते. वाद लसीचा नव्हता, सक्तीचा होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २ मे २०२२ च्या जेकब पुलियेल प्रकरणात हीच रेघ ओढली. कोणालाही जबरदस्तीने लस देता येणार नाही. समाजाच्या आरोग्यासाठी निर्बंध घालता येतील, पण ते धोक्याच्या प्रमाणात असावेत.

वर्गात घ्यायचं तर पाचवीच्या पुढे घ्या. मी चार चिठ्ठ्या करते : आजी, सेविका, आजींची मुलगी आणि होमचा व्यवस्थापक. प्रत्येक गटाने आपल्या माणसाच्या तोंडून बोलायचं. व्यवस्थापकाची चिठ्ठी हुशार मुलांकडे गेली तरी ती अडखळतात, कारण रात्रपाळीला माणूस कुठून आणायचा याचं उत्तर त्यांना सापडत नाही. घाई करू नका, त्यांना अडू द्या.

एक काळजी मात्र घ्या. "तुमच्या घरी कोणी लस घेतली नाही?" असं वर्गात विचारू नका. ते पालकांशी एकट्याने बोलायचं.