शेकरू सोलापुरात का नाही?

प्रश्न : भीमाशंकरला झाडावर मांजराएवढी तांबूस खार पाहिली. तिथले लोक तिला शेकरू म्हणाले. आमच्या कारखान्याच्या आवारातल्या कडुनिंबांवर पट्ट्यांच्या खारी भरपूर आहेत. मग शेकरू का नाही? आणून सोडलं तर राहील का?
– एक वाचक, चिंचोळी एमआयडीसी, सोलापूर

उत्तर : नाही राहणार. शेकरू आपला राज्यप्राणी असला, तरी त्याचं घर म्हणजे सह्याद्रीतलं दाट, उंच रान. दीड-दोन किलोचा हा जीव जमिनीवर क्वचितच उतरतो. एका झाडावरून दुसऱ्यावर तो वीस-वीस फुटांची झेप घेतो. फळं, बिया, फुलं, साल, सगळं त्याला शेंड्यावरच मिळतं. काटक्या-पानांची गोल घरटीही तो उंच, बारीक फांद्यांवर बांधतो, आणि एकाच शेकरूची अशी अनेक घरटी असतात.

म्हणजे त्याला नुसती झाडं पुरत नाहीत, फांदीला फांदी भिडलेली झाडं लागतात. सोलापुरात वर्षाला सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. भीमाशंकरला त्याच्या कित्येक पट. म्हणून तिथे आंबा, जांभूळ, हिरडा यांची सलग सावली टिकते. आपल्या माळावरचे कडुनिंब एकेकटे उभे. त्यांच्यामधलं अंतर आपली पट्ट्यांची खार पळत ओलांडते, शेकरूला ते जमत नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला पकडणं गुन्हा आहे.

मुख्यतः शेकरूसाठीच १९८५ मध्ये सुमारे १३० चौरस किलोमीटरचं भीमाशंकर अभयारण्य झालं. आसपासच्या देवरायांनीही जुनी झाडं जपली. पण रस्ता रुंद झाला, मधली चार झाडं तुटली, की शेकरूची वाटच तुटते. म्हणून त्याचं संरक्षण म्हणजे झाडांची साखळी अखंड ठेवणं. पुन्हा गेलात तर गाडी हळू चालवा, त्याला खाऊ घालू नका, प्लास्टिक परत आणा.

आणि ते रान दूरचं समजू नका. भीमा तिथेच उगम पावते, उजनीचं धरण तिच्यावरच आहे आणि सोलापूर शहर उजनीचं पाणी पितं. डोंगरावर कोसळणारा पाऊस अडवून, मुरवून हळूहळू नदीला देणारी झाडं तीच, ज्यांच्या शेंड्यांवर शेकरू घरटं बांधतं.