नवी प्रणाली आणि न उठणारा संगणक

संगणक हा विज्ञान शाखेचा विषय, असा आपल्या कला शाखेत एक सोयीस्कर समज आहे. परंतु निबंध, प्रकल्प, मुलाखती, जुन्या कागदपत्रांची छायाचित्रे हे सारे आज आपणही संगणकातच ठेवतो. आणि तो एके दिवशी सुरू झाला नाही की शाखाभेद उरत नाही. विशेषतः नवी ऑपरेटिंग सिस्टिम घातल्यावर संगणक उठेनासा झाला तर भलेभले गांगरतात. अशा वेळी घाईने केलेला उपाय मूळ दुखण्यापेक्षा महाग पडण्याचा संभव असतो. म्हणून या दुखण्याची चिकित्सा कोणत्या क्रमाने करावी, याचा थोडक्यात विचार करण्याचे मी योजिले आहे.

या प्रश्नाला आज विशेष निमित्तही आहे. ‘विंडोज १०’ या प्रणालीला मिळणारा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ‘विंडोज ११’ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट असूनही अनेक संगणक अपात्र ठरले आणि त्यांचे मालक लिनक्सकडे वळले. लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली प्रसिद्ध केला, तेव्हा तो अवघा एकवीस वर्षांचा होता. लिनक्स फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही चालते. मात्र ते घालताना संगणकाच्या उठण्याच्या व्यवस्थेला हात लागतो, आणि घोळ होतो तो बहुधा तेथेच.

उठणे म्हणजे काय?

संगणक सुरू होण्याला इंग्रजीत ‘बूट होणे’ म्हणतात. आपल्याच बुटाच्या पट्ट्या ओढून स्वतःला वर उचलणे, अशा अर्थाच्या एका वाक्प्रचारावरून हा शब्द आला. कितीही तरबेज डोंबारी असला तरी तो स्वतःच्या खांद्यावर चढू शकत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमचीही हीच अडचण असते. ती डिस्कवर निजलेली असते. तिला उठवायला आधी दुसरे कोणीतरी जागे असावे लागते.

हे जागे असणारे म्हणजे मदरबोर्डवरील चिपमध्ये वस्ती करून असलेला छोटा प्रोग्राम, फर्मवेअर. वीज मिळताच तो मेमरी, कीबोर्ड वगैरेंची हजेरी घेतो. मग डिस्क शोधतो आणि तिच्यावरील ‘बूटलोडर’ या मदतनिसाला हाक मारतो. बूटलोडर प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत आणून सोडतो. आणि कर्नल पुढचा सारा संसार मांडतो. फर्मवेअर, बूटलोडर, कर्नल आणि शेवटी आपल्याला दिसणारा पडदा, अशी ही चौघांची साखळी आहे. ‘संगणक उठत नाही’ याचा अर्थ एवढाच की साखळीतील एकाने दुसऱ्याला हाक मारली, पण ती पोहोचली नाही.

ही हाक मारण्याच्या दोन रीती आहेत. जुनी रीत बायोसची. आयबीएमने १९८१ साली काढलेल्या पर्सनल कॉम्प्युटरपासून ती रूढ झाली. तीत फर्मवेअर डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइट्स वाचतो आणि तेथे लिहिलेल्या सूचनेप्रमाणे पुढे जातो. नवी रीत यूईएफआय नावाची. तीत डिस्कवर एक लहानसा स्वतंत्र विभाग असतो आणि त्यात बूटलोडर साध्या फाईलच्या रूपात ठेवलेला असतो. मधल्या काळातील पुष्कळ संगणकांना या दोन्ही रीती येतात. जुनीला त्यांच्या सेटिंगमध्ये ‘लेगसी’ असे नाव असते. आणि दोन रीती येतात, म्हणूनच गोंधळालाही जागा राहते.

आमच्या विभागातील उदाहरण

गेल्या वर्षी आमच्या मराठी विभागातील संगणकावर असाच प्रसंग आला. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मीच पहिली. घरी संगणक नाही, त्यामुळे मी जे काही शिकले ते याच यंत्रावर. त्यात दोन डिस्क आहेत. एकीवर विंडोज होते, दुसरीवर विद्यार्थ्यांनी गावोगावी जाऊन ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या. त्या गाणाऱ्या आजींपैकी दोघी आता हयात नाहीत, आणि त्या मुद्रणांची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

पहिल्या डिस्कवर लिनक्स मिंट घातले. काम निर्विघ्न पार पडल्याचा संदेश आला. पेन ड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू केला, तर काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली: ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही. दुरुस्तीच्या एका दुकानात विचारले, तेव्हा “दोन्ही डिस्क फॉरमॅट माराव्या लागतील” असा झटपट निकाल मिळाला. आमचे सर मात्र म्हणाले, “अगं, संगणक उद्या नवा घेता येईल. त्या आजी पुन्हा गायच्या नाहीत. आधी ओव्या बाहेर काढा, मग काय ते करा.”

त्याप्रमाणे पेन ड्राइव्हवरूनच लिनक्स चालू केले. ही सोय फार मोलाची आहे. डिस्कवर काहीही न घालता संपूर्ण प्रणाली पेन ड्राइव्हवरून चालते आणि डिस्कमधील फायली दिसतात. दुसरी डिस्क सुखरूप होती. सगळ्या ओव्या एका बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या, चार-दोन वाजवून पाहिल्या, आणि मगच दुखण्याचा शोध सुरू केला.

कारण निघाले साधे. पेन ड्राइव्हवरून सुरू करताना यादीतील यूईएफआयची नोंद निवडली गेली होती, म्हणून लिनक्सही त्याच रीतीने डिस्कवर बसले. फर्मवेअरचे कायमचे सेटिंग मात्र लेगसीवर होते. दार एकीकडे आणि हाक दुसरीकडे! सेटिंग यूईएफआयवर आणताच यादीत लिनक्सचे नाव आले आणि संगणक उठला. फॉरमॅटची मुळीच गरज नव्हती.

तपासाचा क्रम

आमच्या विहिरीवरची मोटार बंद पडली की अण्णा आधी वीज आहे का पाहतात, मग फ्यूज, मग स्टार्टर आणि शेवटी फूटव्हॉल्व्ह. पाणी येत नाही म्हणून कोणी विहीर बुजवत नाही. संगणकालाही हाच न्याय लावावा. तपास साखळीच्या पहिल्या कडीपासून करावा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम पाहावा.

१) पडद्यावर जो संदेश येतो त्याचा मोबाईलवर फोटो घ्यावा. ‘काहीतरी इंग्रजी आले’ एवढ्यावरून कोणालाच निदान करता येत नाही.

२) दिवा लागतो का, पंखा फिरतो का, कंपनीचे चिन्ह दिसते का, हे पाहावे. यातले काहीच नसेल तर नव्या प्रणालीला दोष देण्यात अर्थ नाही. वीज, केबल, पडदा किंवा मेमरी यांकडे वळावे.

३) पेन ड्राइव्ह, डीव्हीडी काढून पुन्हा सुरू करावे. कधी कधी संगणक त्यांच्यातच प्रणाली शोधत बसतो.

४) फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये शिरावे. त्यासाठी सुरू होतानाच डिलीट, एफ २ किंवा कंपनीने ठरवलेली अन्य कळ दाबतात. तेथे डिस्कचे नाव दिसत नसेल तर केबल सैल आहे किंवा डिस्कच आजारी आहे. दिसत असेल तर डिस्कचा क्रम आणि वर सांगितलेली रीत पाहावी.

५) ‘सिक्युअर बूट’ हा पहारेकरी तपासावा. ओळखीची सही नसलेल्या बूटलोडरला तो आत सोडत नाही. पण तो बंद करण्यापूर्वी एक दक्षता घ्यावी: विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर असे बदल केल्यावर ती ४८ अंकी किल्ली मागू शकते. ती किल्ली आधी हाताशी हवी.

६) ‘ग्रब रेस्क्यू’ असे शब्द आले तर घाबरू नये. ग्रब हा लिनक्सचा बूटलोडर. तो जागा झाला आहे, पण त्याला आपलेच उरलेले सामान सापडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करून ‘बूट रिपेअर’ या साधनाने तो बहुतेक वेळा पुन्हा बसवता येतो. विंडोजसाठी त्याच्या पेन ड्राइव्हवर ‘स्टार्टअप रिपेअर’ असते.

७) प्रणालींची यादी दिसते, पण पुढे पडदा काळाच राहतो, असे झाल्यास साखळीचा बराच भाग शाबूत आहे. संशय ग्राफिक्सवर घ्यावा. यादीतून ‘रिकव्हरी मोड’ निवडून पाहावा.

८) काल उठलेला संगणक आज पुन्हा अडला आणि घड्याळही मागे गेलेले दिसले, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल संपलेला असतो. त्यामुळे सेटिंग विसरले जाते. अगदी किरकोळ खर्चात काम होते.

काय करू नये

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये. प्रत्येक प्रयत्नाने हानी वाढू शकते. प्रणाली घालताना चुकून हवा तो भाग पुसला गेला असेल, तर त्या डिस्कवर नवे काहीही लिहू नये. पुसलेला मजकूर पुष्कळदा त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत शिल्लक असतो. मात्र नव्या एसएसडी डिस्कमध्ये ही आशा फार कमी. म्हणूनच फॉरमॅट हा शेवटचा उपाय समजावा, आणि तोही प्रत काढल्यावरच.

यंत्र अडले की आपण यंत्राची काळजी करू लागतो. वास्तविक काळजी करायची ती आत ठेवलेल्या वस्तूची. बूटलोडर पुन्हा बसवता येतो, प्रणाली पुन्हा घालता येते, डिस्कही विकत मिळते. एखाद्या म्हातारीचा आवाज, एखाद्याचे वर्षभराचे टिपण यांना मात्र बाजारात पर्याय नाही.

जाता जाता एक सूचना करावीशी वाटते. प्रत्येक विभागाने एक साधी वही ठेवावी. संगणक कोणत्या रीतीने उठतो, किल्ली कोठे लिहिली आहे आणि मजकुराची दुसरी प्रत कोणाकडे आहे, या तीन गोष्टी तीत नोंदवाव्यात. नवी प्रणाली घालण्यापूर्वी कोणी ती वही उघडून पाहिली, तरी या लेखाचा हेतू सफल झाला असे मी समजेन.